ऑनलाइन नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र पुण्यात का अडलं?

प्रश्न: मी टेक्सासमध्ये प्लॅनोला राहते. कोथरूडचा फ्लॅट माझ्या आणि आईच्या नावावर आहे. तो विकायचा ठरलाय. मला तिकडे येणं जमणार नाही म्हणून धाकट्या भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलं आणि टेक्सासच्या ऑनलाइन नोटरीकडून व्हिडिओ कॉलवर नोटरी करून घेतलं. पंधरा मिनिटांत पीडीएफ हातात आली. आई सध्या माझ्याकडे व्हिजिटर व्हिसावर आहे. तिचंही त्याच कॉलमध्ये करणार होतो, पण तिची ओळखच पटेना, मशीनने नाकारलं. भावाने माझ्या पीडीएफची प्रिंट नेली तर दुय्यम निबंधक कार्यालयात म्हणाले, ‘ही झेरॉक्स आहे, ओरिजिनल आणा.’ ओरिजिनल तर ती पीडीएफच आहे! मी फसले का? आता काय करायचं? आई पाच आठवड्यांनी पुण्याला परतणार आहे.

उत्तर: नमस्कार. तुम्ही फसलेला नाहीत. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे ते नोटरीकरण पक्कं आहे, आणि पुण्यातल्या कार्यालयाने ते परत पाठवलं हेही बरोबरच. नोटरीच्या कागदाला दोन ठिकाणी पास व्हावं लागतं: नोटरीला ज्या राज्याने नेमलं तिथल्या कायद्यात, आणि कागद जिथे दाखल करायचा तिथल्या कायद्यात. ऑनलाइन नोटरीच्या जाहिराती पहिल्याबद्दलच बोलतात. ‘सगळीकडे चालतं’ यातलं ‘सगळीकडे’ म्हणजे अमेरिकेतल्या अमेरिकेत.

आधी तुमच्या कॉलवर काय झालं ते बघू, म्हणजे आईंचं घोडं कुठे अडलं ते कळेल. अमेरिकेत नोटरीचा कायदा राज्याराज्याचा. दूरस्थ ऑनलाइन नोटरीला सर्वांत आधी परवानगी दिली व्हर्जिनियाने, २०१२ च्या जुलैपासून. टेक्सासात ती १ जुलै २०१८ पासून आहे. न्यूयॉर्कने ३१ जानेवारी २०२३ पासून कायमची व्यवस्था केली. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला खरा, पण तिथल्या नोटरींना हे काम प्रत्यक्ष सुरू करण्यासाठी १ जानेवारी २०३० पर्यंतची मुदत ठेवली आहे, राज्याची यंत्रणा आधी तयार झाली तर आधी. देशभर एकच नियम लावणारं विधेयक २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, त्याचा कायदा मात्र झाला नाही. म्हणून ‘अमेरिकेत ऑनलाइन नोटरी चालते का’ असं विचारून भागत नाही, नोटरी कोणत्या राज्याची आहे ते बघावं लागतं.

टेक्सासात साध्या नोटरीला कॅमेरा लावून हे काम करता येत नाही. तिला आधी नेहमीची नेमणूक लागते आणि त्यावर ऑनलाइन नोटरीची वेगळी नेमणूक. तिच्याकडे स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र आणि इलेक्ट्रॉनिक शिक्का असावा लागतो. काम करताना नोटरी स्वतः टेक्सासच्या हद्दीत हवी, सही करणारा कुठेही असला तरी चालतो. दोन्ही बाजूंनी आवाज आणि चित्र सलग हवं, कॉलचं रेकॉर्डिंग नोटरीने किमान ५ वर्षं जपायचं, आणि प्रमाणपत्रावर हे नोटरीकरण ऑनलाइन झाल्याची नोंद करायची. तुमची पीडीएफ उघडा, शेवटच्या पानावर ती ओळ दिसेल. ऑनलाइनसाठी जास्तीत जास्त २५ डॉलर आणि त्यावर नेहमीची नोटरी फी, ही तिथली मर्यादा. त्यापलीकडे घेतलेलं असेल ते बहुधा संकेतस्थळाचं स्वतःचं शुल्क. ते पावतीवर वेगळं दिसायला हवं.

‘इलेक्ट्रॉनिक’ आणि ‘दूरस्थ’ यांतही गल्लत होते. तुम्ही नोटरीसमोर बसून टॅब्लेटवर सही केली तर ते इलेक्ट्रॉनिक नोटरीकरण झालं, पण दूरस्थ नव्हे. काही राज्यांत पहिल्याला परवानगी आधी मिळाली, दुसऱ्याला नंतर. आपल्याकडच्या अडचणीत मात्र दोन्ही सारखेच सापडतात, ते पुढे येईल.

आता आईंचं. नोटरी तुम्हाला आधीपासून व्यक्तिशः ओळखत नसेल तर ऑनलाइन ओळख तीन पायऱ्यांनी पटवतात. पहिली, सरकारी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं. दुसरी, त्या ओळखपत्राची संगणकाने केलेली तपासणी: छपाई, बारकोड, सुरक्षाखुणा. तिसरी म्हणजे प्रश्नमंजुषा, आणि बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. किमान ५ प्रश्न, प्रत्येकाला किमान ५ पर्याय, सगळ्यांना मिळून २ मिनिटं, आणि ८० टक्के, म्हणजे पाचातले चार बरोबर. नापास झालात तर २४ तासांत आणखी एकदाच प्रयत्न करता येतो, त्यात किमान ४० टक्के प्रश्न बदललेले असतात. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर त्या नोटरीकडे पुढचे २४ तास काही होत नाही.

हे प्रश्न येतात कुठून? तुमच्या अमेरिकेतल्या आर्थिक आणि सार्वजनिक नोंदींमधून. खालीलपैकी कोणत्या पत्त्यावर तुम्ही राहिला होतात, कोणती गाडी तुमच्या नावावर होती, अमुक साली कोणाकडून कर्ज घेतलं होतं, असे. आईंकडे ना सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन, तिथला सरकारी ओळख क्रमांक), ना तिथला पत्ता, ना कर्ज. त्यांच्यासाठी प्रश्नच तयार होत नाहीत. पासपोर्टात खोट नाही, कॅमेऱ्यातही नाही, त्यामुळे पन्नास वेळा प्रयत्न केला तरी तेच होईल. नुकत्याच एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आलेल्या सुना, पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, पाहुणे म्हणून आलेले आईवडील, सगळ्यांची हीच कथा. एखादी साइट ‘एसएसएन नको, प्रश्न नकोत’ म्हणाली तर ती ओळख कशी पटवते आणि तिची नोटरी कोणत्या राज्याची, हे आधी विचारा. ओळख पटवण्याचे मार्ग सगळ्या राज्यांत सारखे नाहीत.

आता ‘ओरिजिनल’ची भानगड. तुमचं म्हणणं खरं आहे, मूळ दस्त ती पीडीएफच. नोटरीने डिजिटल प्रमाणपत्र लावलं की त्या फाइलवर मोहोर लागते, नंतर एक अक्षर हललं तरी कळतं. अॅक्रोबॅटमध्ये उघडून सहीची खिडकी बघा. ‘सहीची वैधता अज्ञात’ असं आलं तर बहुधा एवढंच, की प्रमाणपत्र देणारी संस्था तुमच्या संगणकाच्या विश्वासयादीत नाही. ‘सहीनंतर दस्तात बदल झाला’ असं आलं तर मात्र प्रकरण गंभीर. हे लोक नकळत करून बसतात: दोन पीडीएफ जोडल्या, फाइल लहान केली, मोबाइलच्या स्कॅनर अॅपमधून काढली, ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं. मोहोर तुटली. आणि कागदावर प्रिंट काढली की मोहोर उरतच नाही, उरतं ते फक्त शिक्क्याचं चित्र. दुय्यम निबंधकांच्या टेबलावर तेच चित्र पडलं आणि त्यांनी त्याला झेरॉक्स म्हटलं.

बरं, त्यांनी संगणकावर मूळ फाइल उघडली असती तर? तरी चाललं नसतं, आणि तुमच्या प्रकरणाची खरी मेख ही आहे. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा इलेक्ट्रॉनिक दस्ताला आणि सहीला मान्यता देतो, पण त्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्त वगळलेले आहेत. मृत्युपत्र, विश्वस्तपत्र, आणि कुलमुखत्यारपत्र. २०२२ मध्ये या यादीत बदल झाला आणि कुलमुखत्यारपत्राच्या बाबतीत थोडी सूट मिळाली, पण ती रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक अशांच्या देखरेखीखालच्या संस्थांच्या नावे दिलेल्या अधिकारपत्रांपुरती. शेअर ब्रोकरला किंवा बँकेला अधिकार देताना ती कामाला येते. भावाला फ्लॅट विकायचा अधिकार देताना नाही. म्हणजे तुमच्या भावाच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र भारतात कागदावर, शाईच्या सहीनेच हवं. घरी बसून भाडेकरार नोंदवता येतो, मग हे का नाही, असं भाऊ विचारेल. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्ससाठी आधारवर चालणारी स्वतंत्र व्यवस्था नोंदणी विभागाने केली आहे, ती या दस्ताला लागू नाही.

कोणी सुचवेल, ‘प्रिंट काढ आणि तिच्यावर अपोस्टिल घे, मग चालेल.’ या वाटेला जाऊ नका. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात वापरण्यासाठी सरकारने लावलेलं प्रमाणपत्र. ते फक्त एवढंच सांगतं, की खालची सही आणि शिक्का त्या नोटरीचा आहे आणि ती खरंच नोटरी आहे. आतल्या मजकुराबद्दल ते काहीही बोलत नाही, आणि मुळात इलेक्ट्रॉनिक असलेल्या कुलमुखत्यारपत्राला कागदी करत नाही. शिवाय त्या पानावर ‘ऑनलाइन नोटरीकरण’ अशी ओळ आहे. खरेदीदाराच्या बँकेचा वकील नेमका तिच्यावर बोट ठेवेल.

आता करायचं काय. नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम ३३ सांगतं की कुलमुखत्यारपत्र देणारा भारतात राहत नसेल तर ते नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या समक्ष केलेलं आणि त्याने प्रमाणित केलेलं असावं. ‘समक्ष केलेलं’ आणि ‘प्रमाणित केलेलं’ या दोन वेगळ्या अटी आहेत. परदेशी नोटरी यात चालते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग हा निकाल १९७१ च्या ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहात आहे आणि त्यातली नोटरी कॅलिफोर्नियाची होती. परदेशी नोटरी चालते असंच न्यायालय म्हणालं. पण त्या प्रकरणातलं पहिलं कुलमुखत्यारपत्र अपुरं ठरलं, कारण त्यावर नुसती सही होती, ती नोटरीची आहे हे दिसत नव्हतं आणि रीतसर प्रमाणनही नव्हतं. दुसऱ्यात ते सगळं होतं म्हणून ते टिकलं. असं रीतसर झालेलं असलं की ते खरंच त्या व्यक्तीने केलं असं गृहीत धरायची तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ८५ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ८४ मध्ये आहे.

म्हणून नोटरीचं प्रमाणपत्र नीट वाचून घ्या. राज्य, काउंटी, तारीख, तुमचं पूर्ण नाव, तुम्ही स्वतः समोर हजर होतात आणि ओळख कशाने पटली, नोटरीचं नाव, शिक्का, नेमणूक कधी संपते ते. टेक्सासचा ठरावीक मसुदा आटोपशीर असतो, ओळख कशावरून पटली ते त्यात येईल असं आधीच सांगून ठेवा. एखादी नोटरी फोटोवर आडवा शिक्का मारायला नकार देईल, कारण तिच्या लेखी शिक्क्याची जागा प्रमाणपत्रावर आहे. तिथे हट्ट धरू नका. तुमचा फोटो चिकटवून त्यावर आडवी सही तुम्ही करा, शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा द्या, आणि प्रत्येक पानावर सही करा.

नोटरी झाल्यावर दोन वाटा. एक, ऑस्टिनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडून अपोस्टिल, दर दस्ताला १५ डॉलर. भारत १४ जुलै २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे अपोस्टिल असलेल्या कागदावर पुन्हा वकिलातीचा शिक्का लागत नाही. दुसरी, ह्यूस्टनची भारतीय वकिलात. टेक्सास तिच्याच अखत्यारीत येतं. कोणती निवडायची? कायद्याने दोन्ही चालतात. पण खरेदीदार गृहकर्ज घेत असेल तर त्या बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला आधी विचारा आणि तो म्हणेल ते करा. त्याच्याशी पुढे वाद घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. अपोस्टिल लागल्यावर पानांची पिन काढू नका, स्कॅन करण्यासाठीही नाही. पिनेची दोन जादा भोकं दिसली की पान बदलल्याचा संशय येतो आणि तो दूर करणं फार जड जातं.

मसुदा करताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. टेक्सासच्या लायसन्सवर तुमचं नाव आणि नवऱ्याचं आडनाव एवढंच असेल. पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव. इंडेक्स टूवर, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, कदाचित माहेरचं नाव. नोटरी लायसन्सवरचं नाव प्रमाणित करणार, दुय्यम निबंधक इंडेक्स टूवरचं शोधणार. कुलमुखत्यारपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात सगळी नावं ‘उर्फ’ लावून लिहा, पासपोर्ट क्रमांक द्या, आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत भावाकडे ठेवा. ओळखपत्र लायसन्सच असलेलं बरं. नुसता भारतीय पासपोर्ट असेल तर टेक्सासच्या कायद्यात परदेशी पासपोर्ट निवासी मालमत्तेच्या व्यवहाराशी निगडित दस्तांसाठी चालतो. तुमचा दस्त त्यात बसतो, पण सगळ्याच नोटरींना हे ठाऊक असतं असं नाही.

अधिकार मोघम लिहू नका. फ्लॅटचा पूर्ण तपशील, मूळ खरेदीखताचा दस्त क्रमांक, विक्री करार आणि खरेदीखत यांवर सही करणे, नोंदणीसाठी सादर करणे, निष्पादनाची (दस्तावर सही केल्याची) कबुली देणे, ताबा देणे, सोसायटीचे फॉर्म भरणे, हे एकेक करून लिहा. ‘सादर करणे’ आणि ‘कबुली देणे’ राहून गेलं म्हणून लोक खिडकीवरून परत आले आहेत. रक्कम तुमच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांचं भारतातलं) खात्यात जमा होईल असं लिहा. भावाची सही आणि फोटो यांसाठी एक जागा मोकळी ठेवा. आणि तो सख्खा भाऊ आहे, त्याच्याकडून मोबदला घेतलेला नाही, हे स्पष्ट शब्दांत हवं. कारण महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ४८ प्रमाणे जवळच्या नातेवाइकाबाहेरच्या माणसाला विक्रीचा अधिकार दिला तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क बसू शकतं.

कागद पुण्यात पोचल्यावर घड्याळ सुरू होतं. महाराष्ट्राबाहेर केलेल्या दस्तावर राज्यात पहिल्यांदा आल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं असतं, मुद्रांक अधिनियमाचं कलम १८. भावाने कुरिअरचं पाकीट फेकू नये, पोचल्याच्या तारखेचा तोच पुरावा. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अधिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, द्यायचं, शुल्क भरून शेरा घ्यायचा. मुदत चुकली तर कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड. खरेदीखताच्या दिवशी भावाला घोषणापत्रही द्यावं लागेल की तुम्ही हयात आहात आणि कुलमुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही.

आईंचं उत्तर मात्र अगदी निराळं आहे: त्यांचं अमेरिकेत काहीच करू नका. ऑनलाइन नाही, कागदावरही नाही. कलम ३३ परदेशी नोटरीची मुभा देतं ती भारतात ‘राहत नसलेल्या’ माणसाला. आई राहतात पुण्यात, तुमच्याकडे पाहुण्या आहेत. त्यांनी प्लॅनोत केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर ‘या तर इथल्याच रहिवासी’ अशी हरकत कोणीही घेऊ शकतं. पाच आठवड्यांनी परतल्या की खरेदीखतावर स्वतः सही करू देत, म्हणजे प्रश्नच मिटला. तेवढी धावपळ झेपत नसेल तर त्यांच्या भागातल्या दुय्यम निबंधकांसमोर कुलमुखत्यारपत्र करून प्रमाणित करून घ्या. तब्येतीमुळे घराबाहेर पडणं शक्य नसेल तर कारण दाखवून अधिकाऱ्यांना घरी बोलावता येतं. वाटल्यास तुमचं कुलमुखत्यारपत्रही भावाऐवजी आईंनाच देता येईल. सह्या एकाच हाताच्या होतील, पण सोसायटी, बँक, खरेदीदार यांच्याकडचे हेलपाटेही त्यांच्याच वाट्याला येतील, ते बघून ठरवा.

एक मोह टाळा. ‘घरबसल्या भारतीय नोटरी’ अशा जाहिराती भाऊ दाखवेल. नोटरी अधिनियम, १९५२ आणि त्याखालच्या १९५६ च्या नियमांत व्हिडिओवरून नोटरी करण्याची तरतूद नाही. नोटरीला नोंदवही ठेवावी लागते, आणि तिच्यात तुमची सही नसताना शिक्का मारलेला कागद न्यायालयात उभा राहत नाही.

टेक्सासातल्या तुमच्या घराचं रीफायनान्स, तिथलं प्रतिज्ञापत्र, गाडीचे कागद, दुसऱ्या राज्यातल्या बँकेचा फॉर्म, यासाठी ऑनलाइन नोटरी जरूर वापरा, घेणाऱ्याला आधी विचारून. प्रतिज्ञापत्र असेल तर सही कॉल सुरू होण्याआधी करून ठेवू नका, ती शपथ घेऊन नोटरीच्या डोळ्यांदेखतच करायची असते.

राहिली ती पीडीएफ. टेक्सासात ती चालते, त्यामुळे तुमच्या नावाचं एक अधिकारपत्र मोकळं फिरतंय असंच समजा. नव्या कागदी कुलमुखत्यारपत्रात एक वाक्य घाला की अमुक तारखेला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलेलं कुलमुखत्यारपत्र रद्द करून त्याऐवजी हे दिलं आहे. भावाला आधीची प्रिंट फाडायला सांगा आणि नवा कागद नेताना ती सोबत जोडू नका. एकाच व्यवहारासाठी दोन तारखांची दोन कुलमुखत्यारपत्रं टेबलावर आली की पहिला अर्धा तास त्याच्याच खुलाशात जातो.